अण्णांचा रंग

३ नोव्हेंबर

वन्सं,

तुम्ही पाठवलेले दुधाच्या पावडरीचे डबे पोचले. अंड्यांच्या गाडीवाल्याने ओट्यावर रचून ठेवले आणि म्हणाला, "एवढी पांढरी पावडर? घर रंगवताय का?" मी म्हटलं, "आमच्याकडे साहेब आलेत राहायला. त्यांचा खुराक आहे हा."

साहेब म्हणजे तुमचा भाचा. बारसं होईल तोवर घरात हेच नाव पडलंय. बाळंतपणातल्या तापात माझं दूध गेलं ते गेलंच. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर या वयात मूल झालं, वर दूधही हवं म्हणता? पावडरीवर वाढवा, मजेत वाढतं. वाढतोय. दवाखान्यात होता तेव्हा अख्खा मजला डोक्यावर घ्यायचा, नर्सबाई म्हणायच्या याला राजकारणात घाला. घरी आल्यापासून मात्र शहाणा होत चाललाय. रडणं कमी, झोप जास्त. तुमचे दादा म्हणतात, घर ओळखलं त्याने.

पाण्याचं तुम्ही सांगितलंय तसंच चाललंय. गावच्या टाकीच्या पाण्यात जंतू आहेत असं तुमच्या लॅबोरेटरीतून लिहिलंत, तेव्हापासून ते पाणी आम्ही तोंडात घेत नाही. आपल्या बोअरचंच सगळं. आता तर दादांनी कुंपणाबाहेर एक नळ काढून दिलाय, खालच्या वस्तीतले लोकही तिथूनच भरतात. त्या नळाशी सांडलेल्या पाण्यावर गवत कसलं माजलंय म्हणून सांगू. सगळा डोंगर वाळला तरी तेवढा तुकडा काळा-हिरवा, ओला. आणि साहेबांचं पाणी अर्थात उकळून. त्यांची किटली शेगडीवरून उतरतच नाही.

एक सांगायचं राहिलं. कोंबड्यांच्या शेडवर कामाला आहे ना, त्याची बायको. वर शेडला लागूनच्या खोलीत राहतात म्हणून मी तिला 'वरची' म्हणते. तिचं मूल गेल्या वर्षी याच सुमारास गेलं. झाडलोट करायला येते, काम झालं की पाळण्याशी उभी राहते. हात लावत नाही. फक्त विचारते, "हा रडत नाही का?" रोज तेच. मी म्हणते, गुणाचा आहे, कशाला रडेल? मग जाते. वन्सं, मला ते बरं वाटत नाही.

तुमची,
वहिनी


१० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा बसमध्ये, एकदा घरी दिवा लावून. बसमध्ये वाचताना हसत होते, शेजारची बाई सरकून बसली.

वरचीबद्दल तू लिहिलंस त्यावर विचार करत राहिले. तिला येऊ नको म्हणू नकोस. जिचा पाळणा रिकामा झाला ती दुसऱ्याच्या पाळण्याशी उभी राहणारच. आणि खरं सांगू का, तुझं 'मला ते बरं वाटत नाही' वाचलं तेव्हा मी स्वतःलाही तपासलं. मलाही मूल नाही. तुझ्या पत्रातली प्रत्येक ओळ मी आनंदाने वाचते, पण त्या आनंदाच्या तळाशी दुसरं काही साचलंय का, हे मला खात्रीने सांगता येत नाही. दिवसभर तळाशी काय साचलं हेच बघत बसायचं काम असल्यावर घरी आल्यावर तरी ही सवय सुटावी, पण सुटत नाही.

पाणी उकळतेस ते उत्तम. आपल्या बोअरची बाटली दादाने आणली होती तेव्हा माझ्याच टेबलावर तपासली होती. एक जंतू नाही. इतकं स्वच्छ पाणी मी वर्षात फार थोड्या वेळा बघते. तरी तान्ह्या बाळासाठी उकळलेलं बरं. चांगलं खळखळून उकळ. घाई करू नकोस, अर्धवट उकळलेल्या पाण्यावर माझा विश्वास नाही.

तो कुणावर गेलाय ते कुणीच लिहिलं नाही अजून. दादासारखं नाक नसलं म्हणजे मिळवली.

तुझी नणंद


१८ नोव्हेंबर

वन्सं,

कुणावर गेलाय विचारलंत ना? बसा आधी.

अण्णांवर.

जन्मला तेव्हा गुलाबी होता, तुम्ही बघितलाय. घरी आल्यावर हळूहळू रंग बदलायला लागला. मला वाटलं उन्हाचा फरक, मग वाटलं घोंगडीची सावली. परवा दादांनी भिंतीवरचा अण्णांचा फोटो काढला, पुसला आणि साहेबांच्या शेजारी धरला. तोच रंग. सावळा म्हणावा तर सावळा नाही, राखेत निळं मिसळल्यासारखा. ओठ तर शाई चाटल्यासारखे. तुमच्या वडलांचे शेवटी होते तसे. दादा किती वेळ फोटो धरून उभे होते. मग म्हणाले, "आले बघ." एवढंच.

आता घरात काय चाललंय ते ऐका आणि हसा. दादा त्याच्याशी 'अहो' म्हणून बोलतात. महिन्या-दीड महिन्याच्या पोराला. शेडवरून आले की हातपाय धुऊन पाळण्याशी बसतात आणि सांगतात, अहो, आज खाद्याची गाडी उशिरा आली. अहो, मागचं कोंबडखत अजून कुणी उचललं नाही, ढीग शेडच्या छपराला लागलाय. अहो, तुम्ही असता तर काय केलं असतंत? आणि तो बघत राहतो. वन्सं, तो रडत नाही, हसत नाही, नुसता बघतो. जसं काही सगळं समजतंय, पण बोलायची दगदग नको. अण्णा अगदी असेच बघायचे नाही का?

श्वासही तसाच घेतो. छोटा छोटा, वरच्या वर.

कधी कधी दुपारी घरात तिघं असून कुणाचाच आवाज नसतो. मग वर शेडमधल्या कोंबड्यासुद्धा अचानक गप्प होतात. हजारभर कोंबड्या एकदम गप्प झाल्या की कानात काहीतरी वाजायला लागतं. मी मुद्दाम भांडी आपटते.

वरची येते अजून. तुम्ही म्हणालात म्हणून काही बोलत नाही. काल परत विचारलं, "रडत नाही का हो हा?" मी म्हटलं, आमचे सासरे आलेत पोटी, ते कधी रडायचे? तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच आत निघून गेले.

वहिनी


२४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तू हसा म्हणालीस, मी हसले. दादाचं 'अहो' मला अगदी ऐकू आलं. पण हसून झाल्यावर उठून खिडकी लावून घेतली, आणि नंतर लक्षात आलं की थंडी नव्हती.

अण्णांच्या शेवटच्या आठवड्यात मी उशाशी होते. तो रंग मला ठाऊक आहे. नखांपासून सुरू झाला होता. त्यांच्या छातीत हवा पुरत नव्हती म्हणून तसा रंग आला होता, हे मी तेव्हाही समजत होते. मूळचे अण्णा गव्हाळ होते, वहिनी. तू लग्न होऊन आलीस तेव्हा ते आजारीच होते, म्हणून तुला तोच रंग त्यांचा वाटतो. भिंतीवरचा फोटो तर जुना, काळपटलेला.

हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. तुम्हा दोघांना इतक्या वर्षांनी काही मिळालंय, त्यात मी शहरात बसून खोट काढणारी कोण? मुलांचे रंग बदलतात. पहिल्या महिन्यात गोरं असलेलं मूल पुढे सावळं होतं, सगळीकडेच होतं. मी माझ्या रोजनिशीत त्या दिवशी लिहिलं, 'बाळ अण्णांवर गेलंय. दादा खूश.' आणि 'खूश' खाली रेघ मारली.

तरी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. काळजी म्हणून नव्हे, सहज. आणि मला नीट लिही, रंग कधीपासून बदलला? घरी आल्यावर किती दिवसांनी?

तुझी नणंद


२ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र दादांना वाचून दाखवलं. गव्हाळ होते हे ऐकून ते चिडले. म्हणाले, "तिला काय आठवतंय? ती तर होस्टेलला होती." तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

लस द्यायला नर्स आली होती, तिला दाखवलं. अंधारलेली खोली, चार दुपट्टी गुंडाळलेली, त्यात तिला आणखी सहा घरं करायची होती. म्हणाली, थंडीने होतं, ऊब द्या. दिली आणखी.

रंग कधीपासून विचारलंत. घरी आल्यावर आठवड्याने असेल. मी काही लिहून ठेवलं नाही, मी तुमच्यासारखी थोडीच आहे.

थोडा अशक्त झालाय खरा. दूध ओढताना दमतो, मध्येच झोपतो. म्हणून मी पाण्याकडे जास्त लक्ष द्यायला लागलेय. तुम्ही लिहिलं होतंत ना, अर्धवट उकळलेल्यावर विश्वास नाही, घाई करू नकोस. तर मी पहिल्यापासूनच काढा करतात तसं निम्मं राहीपर्यंत आटवायचे. आता पातेलंभर घेते आणि पाव राहीपर्यंत ठेवते. जेवढं आटेल तेवढं शुद्ध. सकाळचं उरलं तर त्यातच ताजं ओतून परत आटवते. गॅस जातो, दादा कुरकुरतात, पण त्याच्या पोटात मी कसर नाही जाऊ देणार.

काल त्याची नखं कापली. कात्री जाडी, बोटाला लागली. पण तो रडला नाही, वन्सं. हातही ओढून घेतला नाही. आणि रक्त आलं ते लाल नव्हतं. तपकिरी. चहाचा चोथा पिळल्यावर येतं तसं. मी पुसलं, परत आलं, तसंच. मी दादांना म्हटलं, हे काय? ते म्हणाले, उजेड कमी आहे. दारात नेऊन बघितलं. दारातही तसंच.

वरची तिथेच केर काढत होती. तिने तो थेंब बघितला आणि झाडू धरून खाली बसली. मला वाटलं आता काहीतरी अभद्र बोलणार. पण ती तशीच उठून गेली, ती आज आलेली नाही. झाडू अजून तिथेच पडलाय.

थोडं लवकर लिहा.

वहिनी


६ डिसेंबर, बस स्टँड

वहिनी,

हे पत्र पेटीत टाकणार नाही. ते पोचण्याआधी मी पोचेन. बस लागायची आहे, गावच्या दुकानात फोन लावला तर नुसता वाजतोय, आणि हाताला काम दिलं नाही तर मी इथे बाकावर ओरडेन असं वाटतंय, म्हणून लिहितेय.

तुझं पत्र आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत उघडलं. तपकिरी रक्तापर्यंत आले आणि डबा बंद केला. परत मागे गेले. तुझी सगळीच पत्रं मला जवळजवळ पाठ आहेत. रडत नाही. रंग राखेसारखा, ओठ शाईसारखे. घरी आल्यावर सुरू झालं. पावडरीचं दूध. बोअर. आणि पाव राहीपर्यंत आटवते.

आमच्या लॅबोरेटरीत दोन खोल्या आहेत. एकीत जंतू बघतात, एकीत क्षार. जंतूंसाठी लहान, निर्जंतुक केलेली बाटली लागते. क्षारांसाठी मोठा कॅन. दादाने लहान बाटली आणली होती, कारण मीच त्याला लहान बाटली दिली होती. मी जंतूंच्या खोलीत काम करते. माझ्या खोलीपुरतं ते पाणी निर्मळ होतं. मी दादाला सांगितलं, पाणी उत्तम आहे. 'माझ्या खोलीपुरतं' हे शब्द मी म्हटले नाहीत. मला सुचलेसुद्धा नाहीत.

बोअर शेडच्या खालच्या अंगाला आहे. शेडच्या मागे कोंबडखताचा ढीग छपराला लागलाय. खतात जे असतं ते जमिनीतून पाण्यात उतरतं. त्याला नायट्रेट म्हणतात. ज्याने ते गवत काळं-हिरवं होतं ते हेच. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्या माणसाला सहसा असं होत नाही. पण दोन-तीन महिन्यांच्या मुलाच्या रक्तात गेलं तर ते रक्त श्वासातली हवा धरू शकत नाही. छाती चालू असते, हवा आत जाते, आणि मूल आतल्या आत गुदमरतं. रडायला जोर लागतो. तो त्याच्याजवळ नाही.

आणि उकळून जंतू मरतात. हे मरत नाही. वाफ होऊन पाणी निघून जातं आणि हे सगळं किटलीत मागे राहतं. जितकं आटवशील तितकं जास्त.

चांगलं खळखळून उकळ, घाई करू नकोस. हे माझं वाक्य आहे.

बस लागली.


६ डिसेंबर

वन्सं,

तुमचं पत्र आलं नाही म्हणून मीच परत लिहितेय.

आज साहेब उठलेच नाहीत. म्हणजे डोळे उघडतात, पण लगेच मिटतात. मी बाटली तोंडाशी धरली तर ओठ हलवले, एवढंच. किती शांत आहे सांगू. घरात कुणी तान्हं आहे हे बाहेरच्याला कळणार नाही. सकाळी मला स्वतःलाच क्षणभर कळलं नाही. मी उठले, केस विंचरले, चहा टाकला, आणि मग आठवलं की आपल्याला मूल आहे.

दादा आज शेडवर गेले नाहीत. पाळण्याशी बसून आहेत. मघाशी ऐकलं, म्हणत होते, "अहो, एवढ्यात नका जाऊ."

मी त्यांना दटावलं. म्हटलं, असलं बोलतात का? ते म्हणाले, "मी काय बोललो?"

किटली भरून ठेवलीय. ताजं पाणी केलंय, अगदी घट्ट आटवून. उठला की देईन.

वहिनी


२० डिसेंबर

वन्सं,

घरी आलो. तुम्ही दिलेले पाण्याचे बंद कॅन ओळीने लावलेत. दूध त्याच पाण्यात. बोअरचा घरात येणारा पाइप दादांनी स्वतःच्या हाताने सोडवून ठेवला.

मला तो दिवस आठवत नाही. तुम्ही दारात आलात तिथपर्यंत आठवतं. तुमच्या एका पायात चप्पल नव्हती. त्यापुढे एकदम दवाखाना, आणि कुणीतरी माझ्या हातात थंड चहा देतंय. मधलं सगळं पुसून गेलंय. दादांना विचारलं तर ते उठून जातात. तुम्ही लिहा. जसं झालं तसं लिहा, मला जपायला जाऊ नका.

साहेब रडतोय, म्हणून इथेच थांबते.

वहिनी


२६ डिसेंबर

प्रिय वहिनी,

मी परत आले तेव्हा दाराखालून सरकवलेलं तुझं सहा तारखेचं पत्र पायाला लागलं. बाळ दवाखान्यात सुखरूप झोपलंय हे माहीत असूनही ते वाचताना मी भिंतीला टेकून उभी होते. ते मी फाडलेलं नाही, पण परत वाचणारही नाही.

जसं झालं तसं लिहितेय.

बस फाट्यावर सोडून गेली. चढण पळत आले, चप्पल कुठे गेली मला माहीत नाही. तू दारात होतीस आणि माझ्याकडे बघून हसलीस. म्हणालीस, "हळू बोला हं, झोपलाय." ओट्यावर किटली होती, तिच्यावर तू स्वच्छ फडकं झाकलं होतंस. मी पाळण्याकडे गेले. दादा उठला नाही. मी वाकून बघितलं आणि वहिनी, क्षणभर मलाही अण्णाच दिसले. शिकलेली बाई, कारण काय ते पाठ करून आलेली, आणि तरी मला माझे वडील दिसले, त्यांच्या शेवटच्या सकाळी होते तसे. त्या एका क्षणात मला दादाचा राग येणं थांबलं.

मी त्याला उचललं. तू म्हणालीस, "थांबा, त्याचं दूध करते," आणि किटलीला हात घातलास. मी तुझा हात झटकला. गरम पाणी सांडलं, तुझ्या मनगटावर तो डाग त्याचाच आहे. तू रागावली नाहीस. म्हणालीस, "अहो, उकळलेलं आहे." दोनदा म्हणालीस.

अंड्यांची गाडी वर उभी होती. तुला पुढे बसवलं, दादा मागे ट्रे धरून. रस्ताभर तू त्याच्या छातीवर हात ठेवून होतीस. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या टाचेतून थेंब काढला, पांढऱ्या कागदावर टेकवला आणि स्वतःच्या बोटाचा टेकवला शेजारी. दोन थेंब, एक तपकिरी, एक लाल. मग त्यांनी काहीच विचारलं नाही. सुई भरली. औषध गडद निळं होतं, अगदी शाईसारखं. तू तेव्हा पहिल्यांदा ओरडलीस, "आणखी निळं नको." तुला दोन नर्सनी धरून बाहेर नेलं. ते औषध रक्ताला परत हवा धरायला लावतं. मला हे माहीत होतं, तरी निळं औषध त्या निळ्या हातात जाताना मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा त्याचे कान गुलाबी होत होते. आधी कान, मग ओठ. आणि मग तो रडला. बाहेर तू चहाचा पेला धरून बसली होतीस तो तेव्हाचा.

किटलीतलं उरलेलं पाणी मी बाटलीत घालून आणलं. या वेळी दोन्ही खोल्यांत दिलं. माझ्या खोलीचा निकाल: जंतू नाहीत, उत्तम. दुसऱ्या खोलीतल्या माणसाने आकडा बघितला आणि विचारलं, "हे पाणी आहे की खत?"

कुंपणाबाहेरचा नळही बंद ठेवा. खालच्या वस्तीत तान्हं मूल किंवा दिवस गेलेली कुणी असेल तर आजच्या आज टाकीचं पाणी नीट उकळून द्यायला सांग. मोठ्यांनीही बोअरचा अहवाल येईपर्यंत तेच प्यावं.

'नीट उकळून' हे लिहिताना माझा हात थांबला. तू समजशील. उकळी आली की उतरवायचं, वहिनी. आटवायचं नाही.

तुझी नणंद


६ जानेवारी

वन्सं,

वाचलं. मनगटावरचा डाग बघितला. आता आठवतंय थोडं थोडं. आठवतंय हेच बरं.

नळाचं ऐका. दादांनी तोटी काढून तिथे खुंटी ठोकली, तर वस्तीतल्या म्हाताऱ्याने येऊन विचारलं, "आम्ही प्यायलो इतके दिवस, मेलो का?" दादा म्हणाले, "तुम्ही दोन महिन्यांचे असता तर मेला असता." लोक हसले. मग एकाने ग्लासात पाणी धरून उन्हात बघितलं आणि म्हणाला, काय वाईट आहे यात, दाखवा. दाखवणार काय? काचेसारखं पाणी. शेवटी दादा रडले, सगळ्यांसमोर, आणि लोक आपापले हंडे घेऊन टाकीकडे गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खताचा ढीग हलवायला घेतलाय. त्याच्या खालची माती कमरेइतकी खोल काळी आहे.

साहेब आता गव्हाळ आहे. अण्णांचा फोटो परत भिंतीवर गेला. आणि रडतो, वन्सं. दूध उशिरा झालं म्हणून रडतो, लवकर झालं म्हणून रडतो, दादा 'अहो' म्हणाले की जास्तच रडतो. घरात कुणाला झोप नाही. मी काही म्हणत नाही. पाळणा हलवत ऐकत बसते.

आता मुख्य सांगते.

चार दिवसांपूर्वी तो असाच रडत होता, तेव्हा मागच्या भिंतीशी कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. बघितलं तर वरची. त्या दिवसानंतर पहिल्यांदा आली होती. मी आत बोलावलं. ती पाळण्याशी बसली. मी त्याला थोपटायला गेले तर तिने माझा हात धरला. "रडू द्या," म्हणाली. "रडू द्या त्याला."

तो थकून झोपेपर्यंत ती बसून होती. मग म्हणाली, "माझ्याचंही रक्त तसंच होतं. तोही आधी रडायचा." वन्सं, तिचंही दूध आटलं होतं. पावडरीचा डबा मीच दिला होता. त्यांच्या खोलीत गॅस नाही म्हणून रोज सकाळी किटलीभर पाणी मीच वर पाठवायचे. आटवून. तुम्ही टाकीचं पाणी नको, बोअरचंही लहान मुलासाठी उकळत जा असं तेव्हा लिहिलं होतंत, आणि मला वाटलं होतं, आपल्याला कळलंय तर दुसऱ्याच्या लेकराला का नाही?

दाराशी जाऊन ती परत वळली. म्हणाली, "तुमच्या नणंदबाईंना विचारा. माझा पाण्यानंच गेला का?"

मी म्हटलं, विचारते.

ती रोज येते आता. विचारत नाही. बसते. काय सांगू?

वहिनी


१० जानेवारी

प्रिय वहिनी,

तीन उत्तरं लिहिली आणि तिन्ही फाडली.

पहिल्यात लिहिलं होतं, तेव्हाचं पाणी आता नाही, रक्त नाही, त्यामुळे काहीच सांगता येत नाही. हे खरं आहे. आणि ते वाचून मला जी सुटका वाटली तिची लाज वाटली. दुसऱ्यात लिहिलं, हो, पाण्यानेच, आणि दोष माझा. त्यातही मीच मध्ये उभी होते, तिचं मूल कुठे बाजूला पडलं होतं. तिसऱ्यात 'बहुतेक' हा शब्द होता. आमच्या अहवालात तो चालतो. तो शब्द घेऊन ती त्या खोलीत परत कशी जाईल?

तू काही सांगू नकोस. तुझ्यावर ते टाकायचं नाही. तू तिला जे दिलंस ते स्वतःच्या मुलाला देत होतीस तेच दिलंस. मी शनिवारी येतेय. वर तिच्या खोलीत जाऊन बसेन आणि सांगेन की हो, पाण्यानेच गेला असं मला वाटतं, आणि का वाटतं तेही. तिला जे विचारायचं ते विचारू दे. नवऱ्यालाही थांबायला सांग.

किटली टाकून देऊ नकोस. तिला ती बघायची असेल. आत पांढरा थर दिसेल आणि ती म्हणेल, हेच का ते? ते नव्हे. तो साधा चुना आहे, त्याने कुणाला काही होत नाही. जे होतं ते किटलीत कधीच दिसलं नाही, तिला नाही, तुला नाही, मला नाही. हे मला तिला समोर बसून सांगायचंय.

एक कर. मी वर असताना खिडकी उघडी ठेव. साहेब रडला तर उचलू नकोस लगेच. तिला ऐकू येऊ दे.

तुझी नणंद